गॅस बंद ‘करायला’ विसरलात की ‘केल्याचं’ विसरलात?

*मॅडम, माझं वय ४४. मिरजेत राहते. शिक्षण मराठी माध्यमातून, इंग्रजी पाचवीपासून. औषधांच्या एका घाऊक दुकानात हिशेबाचं काम बघत होते, आता बाहेरच्या कंपन्यांना मेल पाठवायचं कामही माझ्याकडे आलंय. परवा एका मेलच्या शेवटी ‘वी लुक फॉरवर्ड टू मीट यू’ असं लिहिलं. साहेबांनी ‘मीट’ खोडून ‘मीटिंग’ केलं. मी धडा घेतला आणि पुढच्या मेलमध्ये लिहिलं, ‘वी होप टू मीटिंग यू’. तेही खोडलं! आता ‘टू’ लिहिला की पुढे हातच चालत नाही. माझा नववीतला मुलगा म्हणतो, ‘आई, कानाला बरं वाटेल ते लिही.’ माझ्या कानाला दोन्ही सारखंच बरं वाटतं. एका ऑनलाइन क्लासवाल्यांनी जेरंड (आयएनजीवालं रूप) आणि इन्फिनिटिव्ह (‘टू’वालं रूप) घेणाऱ्या क्रियापदांची दोन पानी यादी दिली. तीनदा पाठ केली, तीनदा विसरले. ह्याला काही नियम आहे, की नुसतं घोकायचं? आणि ह्या वयात घोकून राहील का?*
*— ‘टू’मुळे टेकीला आलेली*

ताई,

आधी तुमच्या चिरंजीवांचं. तो खोटं बोलत नाही, पण त्याचा सल्ला तुमच्या उपयोगाचा नाही. त्याने लहानपणापासून कार्टून, शाळा, मोबाइल ह्यांतून इतकं इंग्रजी ऐकलंय की चुकीचं वाक्य त्याला खड्यासारखं लागतं. कान ऐकून तयार होतो. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. तुम्ही त्याच्या आधीच्या, पाचवीवाल्या. आपल्या कानावर इंग्रजी पडलं ते फळ्यावरून, तेही आठवड्यातून ठरावीक तास. मग कानाला विचारून काय उपयोग?

पण तुमच्याकडे दुसरा एक कान आहे, मराठीचा, आणि तो पक्का तयार आहे. त्याच्याकडे मी येतेच. आधी साहेबांनी खोडलेली दोन वाक्यं निस्तरू.

तुमची दुसरी चूक मला फार आवडली. ‘टू’नंतर आयएनजी लावायचं असतं, असा नियम तुम्ही स्वतःच काढलात आणि लगेच वापरलात. नियम चुकला, कारण इंग्रजीत दिसायला सारखे असे दोन ‘टू’ आहेत. ‘होप टू मीट’ मधला ‘टू’ हा ‘मीट’चा, त्याच्या अंगाला चिकटलेला. ‘लुक फॉरवर्ड टू’ मधला ‘टू’ आधीच्या शब्दांचा. तो आपल्या ‘कडे’सारखा आहे. आता मराठीत ‘कडे’, ‘साठी’, ‘बद्दल’, ‘शिवाय’ ही शब्दयोगी अव्ययं नुसत्या धातूला लागतात का? ‘भेटसाठी’, ‘पाठवबद्दल’ असं कुणी म्हणत नाही. आधी क्रियापदाचं नाम करावं लागतं: भेटण्यासाठी, पाठवण्याबद्दल, बघितल्याशिवाय. इंग्रजीही तेच करतं, फक्त तिथे ते नाम आयएनजी लावून होतं. थँक यू फॉर सेंडिंग द इन्व्हॉइस. विदाउट चेकिंग द स्टॉक. आफ्टर रिसीव्हिंग द पेमेंट. फॉर, विदाउट, आफ्टर, ऑफ, इन, अबाउट, ह्यांच्यापुढे क्रियापद आलं की आयएनजी. इथे यादी नाही, अपवाद शोधत बसायची गरजही नाही.

मग समोरचा ‘टू’ कुठल्या जातीचा हे ओळखायचं कसं? त्याच्यापुढे क्रियापदाऐवजी ‘इट’ (म्हणजे ‘ते’) ठेवून बघा. ‘वी लुक फॉरवर्ड टू इट’, चालतं. म्हणजे तो नामाची वाट बघणारा ‘टू’, म्हणून ‘मीटिंग’. ‘वी होप टू इट’, हे तुमच्याही कानाला अर्धवट वाटेल. म्हणजे तो क्रियापदाचा ‘टू’, म्हणून ‘मीट’. तुमच्या पत्रव्यवहारात ‘कडे’वाले ‘टू’ तीन-चारच भेटतील: लुक फॉरवर्ड टू, ऑब्जेक्ट टू, कमिटेड टू आणि ‘सवय आहे’ ह्या अर्थाचा यूज्ड टू. ह्या शेवटच्याला एक जुळा भाऊ आहे, तो सांभाळा. ‘मी पूर्वी सांगलीत राहायचे’ म्हणजे आय यूज्ड टू लिव्ह इन सांगली. ‘मला एकटीने राहायची सवय आहे’ म्हणजे आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग अलोन. मधल्या एका ‘ॲम’ने सगळं बदललं.

आता मराठी कानाकडे.

समजा तुम्ही बसस्टँडवर पोचलात आणि काळजात धस्स झालं. घरी फोन लावून काय म्हणाल? ‘अरे, मी गॅस बंद करायला विसरले!’ मुलगा ओट्यापाशी जाऊन बघतो आणि म्हणतो, ‘बंदच आहे की.’ मग तुम्ही म्हणता, ‘हो का? बंद केल्याचं विसरलेच मी.’ आता ह्या दोन वाक्यांकडे नीट बघा. पहिल्यात काम झालेलं नाही. दुसऱ्यात काम झालंय, त्याची आठवण गेली. मराठीने हा फरक क्रियापदाच्या शेपटीत ठेवलाय: ‘करायला’ आणि ‘केल्याचं’. इंग्रजी हाच फरक टू आणि आयएनजीमध्ये ठेवतं. ‘करायला विसरले’ म्हणजे आय फरगॉट टू टर्न ऑफ द गॅस. ‘केल्याचं विसरले’ म्हणजे आय फरगॉट टर्निंग इट ऑफ.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. कॉलेजात असताना मी पुण्यात एका वसतिगृहात राहत होते. तिथले कारकून वयस्कर, टापटिपीचे, इंग्रजीशिवाय बोलायचे नाहीत. फी भरायची मुदत उलटून गेली होती. मी त्यांच्यापुढे उभी राहून पाठ केल्यासारखं म्हटलं, ‘सर, आय फरगॉट पेइंग द फीज.’ त्यांनी चश्मा चढवला, पावतीपुस्तक काढलं आणि माझ्या नावाची पावती शोधायला लागले. बिचारे मागचे दोन महिने पानापानाने चाळत होते. ‘नो मिस, यू हॅव नॉट पेड.’ मी म्हटलं, ‘यस सर, आय फरगॉट पेइंग.’ ते पुन्हा पहिल्या पानापासून. तिसऱ्यांदा असं झाल्यावर मी घामाने ओल्या झालेल्या नोटा सरळ टेबलावर ठेवल्या. त्यांनी नोटांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘आह! यू फरगॉट टू पे!’ त्यांना वाटत होतं, मुलीने पैसे भरलेत आणि तिच्या लक्षात नाही. मी भरल्याचं विसरल्ये असं सांगत होते, ते माझ्या बिनभरल्या पैशांची पावती शोधत होते. (खरं तर फरगेटपुढे आयएनजी बोलण्यात क्वचितच येतं, आलं तर बहुतेक ‘मी कधीच विसरणार नाही’ अशा वाक्यात: आय विल नेव्हर फरगेट मीटिंग हर. माझ्या वाक्याने ते का गोंधळले, ह्याचं अर्धं कारण तेच असावं.)

तर ‘-ल्याचं’ आलं की आयएनजी, ‘-आयला’ किंवा पुढे करायचं असलेलं ‘-आयचं’ आलं की टू. रिमेम्बरचं बघा. ‘चेक पाठवल्याचं मला आठवतंय’: आय रिमेम्बर सेंडिंग द चेक. ‘चेक पाठवायचं लक्षात ठेवा’: प्लीज रिमेम्बर टू सेंड द चेक. रिग्रेटचं तर तुमच्या कामात रोज येईल. ‘कळवायला वाईट वाटतं’ म्हणजे वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू, हा कार्यालयीन शिष्टाचार. तिथे चुकून ‘वी रिग्रेट इन्फॉर्मिंग यू’ लिहिलंत तर त्याचा अर्थ होतो, ‘तुम्हाला कळवल्याचा आम्हाला पश्चात्ताप होतोय.’ समोरचा म्हणेल, मग कळवलंत कशाला?

ट्रायसाठी मराठीने आपल्याला आयती चावी दिली आहे, आणि ती कुठल्या क्लासमध्ये कुणी दिलेली मी बघितली नाही. ऑफिसातला प्रिंटर अडलाय. तुम्ही सहकाऱ्याला म्हणता, ‘एकदा बंद करून चालू करून बघ ना.’ हे ‘करून बघणं’ म्हणजे ट्राय अधिक आयएनजी: ट्राय स्विचिंग इट ऑफ अँड ऑन. करता येण्यासारखंच आहे, फक्त गुण येतो का ते बघायचं. तो उत्तर देतो, ‘चालू करायचा प्रयत्न केला, बटणच दबत नाही.’ हे ‘प्रयत्न करणं’ म्हणजे ट्राय अधिक टू: आय ट्राइड टू स्विच इट ऑन. तिथे मुळात कृतीच जमत नाहीये. ‘करून बघ’ आणि ‘करायचा प्रयत्न कर’ ह्यांत तुम्ही आयुष्यात कधी गोंधळला नाहीत. मग ट्रायमध्ये गोंधळायचं कारण नाही.

स्टॉपसाठीही तसंच. ‘कराडला चहा प्यायला थांबलो’, वी स्टॉप्ड टू हॅव टी. ‘चहा प्यायचं थांबवलं’, वी स्टॉप्ड ड्रिंकिंग टी. मराठीत थांबणं वेगळं, थांबवणं वेगळं. इंग्रजीत एकच स्टॉप दोन्हीकडे राबतो, म्हणून तो फरक पुढच्या क्रियापदावर टाकतो. तुम्ही ‘ह्या औषधाचा पुरवठा आम्ही थांबवला आहे’ हे सांगायला ‘वी स्टॉप्ड टू सप्लाय दिस मेडिसिन’ असं लिहिलंत, तर वाचणाऱ्याला वाटेल की तुमची गाडी कुठेतरी औषध पोचवायला थांबली होती. तिथे ‘स्टॉप्ड सप्लाइंग’ हवं. ही एक चूक मात्र घोकून टाळा, कारण ह्यात ऑर्डर जाऊ शकते.

ह्या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, ती मला फार देखणी वाटते. इंग्रजीतला क्रियापदाचा ‘टू’ मुळात दिशादर्शकच होता, ‘च्याकडे’ ह्या अर्थाचा. क्रियापदाला तो नंतर चिकटला. आणि आपलं ‘करायला’? जुन्या पुस्तकांतलं ‘करावयास’ तेच. त्यातला ‘स’ किंवा ‘ला’ म्हणजे चतुर्थीचा प्रत्यय, ‘गावाला गेलो’ मधला. म्हणजे दोन्ही भाषांनी, एकमेकींना न विचारता, न झालेल्या कामाकडे तोंड करून उभं राहायला दिशेचाच शब्द उचलला. म्हणून इच्छा, आशा, बेत, वचन, नकार असं पुढे बघणारं काही असलं की इंग्रजीत बहुधा टू येतो: वॉन्ट, होप, प्लॅन, प्रॉमिस, अग्री, रिफ्यूज, डिसाइड.

इथवर सगळं छान जुळलं. पुढे मराठी कान हात वर करतो, तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही पुढच्या मेलला मला शिव्या द्याल.

‘मी जायचं ठरवलं.’ ‘मी जायचं टाळलं.’ मराठीत दोन्हीकडे ‘जायचं’. इंग्रजीत पहिलं डिसाइडेड टू गो, दुसरं अव्हॉइडेड गोइंग. पुढे बघणं वगैरे तत्त्वही इथे लंगडं पडतं, कारण टाळणं, विचार करणं, पुढे ढकलणं हे सगळं न झालेल्या कामाबद्दलच आहे, आणि तरी अव्हॉइड, कन्सिडर, पोस्टपोन ह्यांना आयएनजीच लागतं. एन्जॉय, फिनिश, माइंड, डिनाय, कीप ह्यांनाही तेच. का, ह्याला तुम्हाला पटेल असं एका वाक्यातलं उत्तर नाही. भाषेची खोड आहे. ‘मला पोहायला येतं’ म्हणतो आणि ‘मला पोहता येतं’ही म्हणतो, ‘मला पोहू येतं’ का म्हणत नाही, असं परदेशी माणसाने विचारलं तर आपणही त्याच्या तोंडाकडेच बघत राहू.

म्हणून इथे घोकंपट्टी, पण थोडी आणि शहाणपणाची. यादी फेकून द्या. यादीत शब्द एकटे असतात आणि एकटा शब्द लक्षात राहत नाही. जोड्या लावा, त्याही स्वतःच्या कामातल्या: ‘डिसाइडेड टू सेंड, अव्हॉइडेड सेंडिंग’. ‘अग्रीड टू पे, फिनिश्ड पेइंग’. ‘प्रॉमिस टू कॉल, कीप कॉलिंग’. मोठ्याने म्हणा, लिहू नका. पोळ्या लाटताना म्हटल्या तरी चालतील. चिरंजीव हसला तर हसू दे, निदान त्याच्या कानासारखा तुमचा कान तयार होईल.

एका शब्दासाठी मात्र वेगळा वेळ काढा, कारण मराठी ऑफिसांत तो सर्रास चुकीचा लिहिला जातो. सजेस्ट. ‘वी सजेस्ट यू टू सेंड द रिपोर्ट.’ आपण ‘मी तुम्हाला असं सुचवते’ म्हणतो ना, त्या ‘तुम्हाला’ला घेऊन ‘यू’ आत शिरतो, आणि टेल, आस्क, रिक्वेस्ट ह्यांच्या संगतीने मागून ‘टू’ येतो. रिक्वेस्टला हे शोभतं: वी रिक्वेस्ट यू टू सेंड द रिपोर्ट, अगदी बरोबर. ॲडव्हाइजलाही शोभतं. सजेस्टला नाही. त्याच्यापुढे एक तर सरळ आयएनजी, ‘वी सजेस्ट सेंडिंग द रिपोर्ट बाय फ्रायडे’, पण त्यात पाठवायचं कुणी हे मोघम राहतं. समोरच्याने पाठवायचं असेल तर ‘वी सजेस्ट दॅट यू सेंड’. मी स्वतः व्यवहाराच्या मेलमध्ये हे ‘दॅट’वालंच लिहीन. मोघम सुचवण्यांनी कामं होत नाहीत.

लेट आणि मेक ह्यांना दोन्ही नको, ना टू ना आयएनजी. ‘मला कळू द्या’ मध्ये ‘कळू’ला काही लागलंय का? तसंच लेट मी नो. ‘साहेबांनी मला मेल परत लिहायला लावला’ ह्यात मात्र मराठी फसवते. ‘लिहायला’ आहे म्हणून टू घालू नका. ही मेड मी रीराइट द मेल. स्टार्ट, बिगिन, कंटिन्यू ह्यांना दोन्ही चालतं. फक्त ‘इट इज स्टार्टिंग रेनिंग’ असे दोन आयएनजी एकापाठोपाठ कानाला खटकतात, तिथे टू घ्या. लाइकलाही दोन्ही, पण ‘वुड लाइक’ असेल तर टूच. आणि ‘पोहायला जाते’ म्हणजे आय गो स्विमिंग, ‘भाजी आणायला जाते’ म्हणजे आय गो टू बाय व्हेजिटेबल्स. मौजेचं जाणं वेगळं, कामाचं वेगळं, एवढं तूर्तास पुरे.

तुमच्या क्लासने हे जेरंड (नामासारखं आयएनजी) की पार्टिसिपल (विशेषणासारखं आयएनजी) असेही प्रश्न सोडवायला दिले असतील. त्यात वेळ घालवू नका. २००२ साली आलेल्या केंब्रिजच्या भल्या मोठ्या इंग्रजी व्याकरणात हडलस्टन आणि पुलम ह्या दोघांनी ती भिंतच पाडून दोन्हींना एक नाव दिलं. त्यांना त्या भिंतीची गरज वाटली नाही, तर तुम्हाला मेल लिहिताना कशाला?

राहिला वयाचा प्रश्न. नवीन फारसं काही पाठ करायला मी सांगत नाहीये. आज ऑफिसात गेल्यावर स्वतःच पाठवलेले शेवटचे वीस मेल उघडा आणि त्यातली टू आणि आयएनजीआधीची क्रियापदं कागदावर काढा. माझा अंदाज, पंधराच्या वर भरणार नाहीत. औषधांच्या व्यवहारात माणसं त्याच त्या गोष्टी करतात: पाठवतात, मागवतात, पैसे द्यायचं टाळतात. त्या पंधरांपैकी अर्धी मराठी कानाने सुटतील, दोन-तीन ‘इट’ ठेवून सुटतील. उरलेल्यांच्या जोड्या लावा आणि कागद मॉनिटरच्या कडेला चिकटवा. साहेबांनी पुन्हा काही खोडलं तर ते वाक्य मला पाठवा. साहेबही कधीकधी चुकतात, आणि मला बघायला आवडेल.

आणि हो, तुमचं टोपणनाव इंग्रजीत करून बघा, मुलाला न विचारता. ‘टू लिहून लिहून थकलेली’. टायर्ड... पुढे ऑफ येतो, एवढंच सांगते.